कावेरीचा महाशीर आणि काचेच्या टाकीतला ॲलिगेटर गार

चेन्नईच्या उत्तरेकडील कोळत्तूर हा भाग शोभेच्या माशांच्या व्यापारासाठी देशभर ओळखला जातो. एका रविवारी तेथील गल्ल्यांतून हिंडताना एका छोट्या दुकानातील काचेच्या टाकीपुढे मी थबकलो. आत वीतभर लांबीचा, सुसरीसारख्या चपट्या मुस्कटाचा एक मासा जवळजवळ निश्चल उभा होता. तो ॲलिगेटर गार होता. ‘मोठा झाल्यावर याचे काय करायचे?’ असे मी विचारले. दुकानदार हसला आणि म्हणाला, ‘एरी इरुक्के, सार.’ म्हणजे, तलाव आहेच की!

त्या तीन शब्दांत भारतातील गोड्या पाण्याच्या गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासातील एक मोठी चूक सामावलेली आहे. माझे शिक्षण भौतिकशास्त्राचे. मत्स्यशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु त्या दिवसानंतर मी जे वाचत गेलो, त्यातून एक कथा उलगडली. तिची एक बाजू पुण्याच्या मुळा-मुठेत आणि लोणावळ्यात आहे, तर दुसरी चेन्नईच्या नळाला येणाऱ्या पाण्यात. ती येथे मांडतो.

प्रथम त्या टाकीतल्या पाहुण्याविषयी. ॲलिगेटर गार, शास्त्रीय नाव ॲट्रॅक्टोस्टिअस स्पॅट्युला, हा मूळचा अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातला आणि मेक्सिकोच्या आखाताला मिळणाऱ्या नद्यांतला. गार माशांचा वंश डायनासोरांच्या काळापासून चालत आलेला आहे. अंगावर हिऱ्याच्या आकाराचे, दगडासारखे कठीण खवले, वरच्या जबड्यात दातांच्या दोन रांगा, आणि पाण्यातला प्राणवायू कमी झाला तर पृष्ठभागावर येऊन हवा गिळण्याची सोय. २०११ साली मिसिसिपी राज्यातील एका सरोवरात जाळ्यात अडकलेल्या गारचे वजन सुमारे १४८ किलो भरले होते. वीतभर पिल्लू म्हणून विकत घेतलेला हा मासा पहिल्या वर्षभरातच घरातल्या टाकीत मावेनासा होतो, आणि मग मालकाला ‘एरी’ आठवते.

अशा आठवणींचे परिणाम दिसू लागले आहेत. ऑगस्ट २०१८च्या महापुरानंतर केरळातील नद्यांत ॲलिगेटर गार आणि ॲमेझॉन खोऱ्यातील अरापैमा हे दोन्ही मासे मच्छीमारांच्या हाती लागले. त्यावर ‘करंट सायन्स’मध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या टिपणाच्या लेखकांत मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत काम केलेले उन्मेष काटवटे हेही आहेत. २०२३च्या एप्रिलमध्ये भोपाळच्या तलावात आणि मे महिन्यात श्रीनगरच्या दल सरोवरातही हा मासा सापडल्याच्या बातम्या आल्या. एखाददुसरा मासा सापडला म्हणजे त्याची तेथे वीण सुरू झाली असे होत नाही, हे खरे. पण पाण्यात सोडलेला मासा ही परत घेता येणारी गोष्ट नव्हे. भौतिकशास्त्रात आपण अशा प्रक्रियेला अपरिवर्तनीय म्हणतो. नदीच्या बाबतीत या शब्दाचा अर्थ काय होतो, ते कावेरीने आपल्याला आधीच दाखवून दिले आहे.

गळाचा जुना वारसा

मोठा मासा गळाला लावण्याचा छंद इंग्रजांनी भारतात आणला, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण; मराठी आणि कन्नड जेथे एकमेकींत मिसळतात तो हा प्रदेश. या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये, म्हणजे करमणुकीच्या प्रकारांमध्ये, ‘मत्स्यविनोद’ असे स्वतंत्र प्रकरण आहे. माशांचे प्रकार, ते कोठे राहतात, दोर आणि काठी कशी असावी, कोणत्या माशाला कोणते आमिष द्यावे, याची त्यात पद्धतशीर चर्चा आहे. भारतीय मत्स्यशास्त्राचे अध्वर्यू सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाकडे आधुनिक वैज्ञानिकांचे लक्ष वेधले. निरीक्षण करणारा शिकारी हा अनेकदा नोंद ठेवणाराही असतो, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

मारण्याच्या परंपरेसोबत राखण्याची परंपराही होती. रायगड जिल्ह्यातील महाडजवळचा वाळण कोंड याचे उत्तम उदाहरण. तेथे वरदायिनी देवीच्या नावाने नदीचा एक डोह राखलेला आहे. त्यातल्या महाशीरांना भाविक खाऊ घालतात. कोणी पकडत नाही.

पुण्यातला कर्नल

आता एकोणिसाव्या शतकात येऊ. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सैन्यातील अधिकारी. १८२४ पासून काही वर्षे त्याने दख्खनचा सांख्यिकी पाहणीदार म्हणून काम केले. कामाच्या ओघात त्याने या भागातील पक्षी, प्राणी आणि मासे यांचे नमुने गोळा केले. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेने प्रसिद्ध केला. त्यातील जातींची वर्णने १८३९ सालची मानली जातात. साइक्सने एक मोलाची गोष्ट केली. नव्या जातींना नावे देताना त्याने कोळ्यांच्या तोंडची नावे उचलली. म्हणून आजही जगभरच्या मत्स्यशास्त्रात ‘कोलुस’, ‘पोटेल’, ‘नुक्ता’, ‘बोग्गुट’ अशी आपल्या नदीकाठची नावे लॅटिन वेशात वावरतात. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या महाशीराला त्याने ‘खुद्री’ म्हटले. तोच आजचा टोर खुद्री, दख्खनचा महाशीर. दुसऱ्या एका मोठ्या माशाला त्याने ‘मुसुल्ला’ हे नाव दिले. ही दोन नावे ध्यानात ठेवा.

महाशीर हा गारसारखा निव्वळ मांसाहारी नव्हे. पाण्यात पडलेली फळे, शिंपले, खेकडे, लहान मासे असे सारे तो खातो. पण खळाळत्या नदीत त्याच्या आकाराचा आणि ताकदीचा प्रतिस्पर्धी क्वचितच असतो, आणि गळ टाकणाऱ्याला त्याचेच वेड लागते.

या वेडाचे लेखी केंद्र बनला मद्रास इलाखा. मद्रासच्या मुलकी सेवेतील हेन्री सुलिव्हन थॉमस याने १८७३ साली मंगळूरला ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक छापले, आणि पुढची अनेक दशके ते गळकऱ्यांचे प्रमाणग्रंथ ठरले. त्याच वर्षी फ्रान्सिस डे याचा भारत आणि ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याच्या मासेमारीवरील सरकारी अहवाल निघाला. डे हा मद्रासच्या वैद्यकीय सेवेतून आलेला. त्याचा ‘द फिशेस ऑफ इंडिया’ हा ग्रंथ आजही उघडला जातो. बारीक आसांची जाळी, पाण्यात कालवलेले विष, पिल्लांची सरसकट मारणी यांमुळे मासे घटत आहेत, हे या पिढीने सरकारपुढे मांडले. १८९७च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने सुरुंगाने आणि विषाने मासे मारण्यावर बंदी घातली.

पण हीच पिढी मासे इकडून तिकडे नेण्यातही पुढे होती. निलगिरीच्या थंड ओढ्यांत इंग्लंडचा ट्राउट आणण्याचा डे याचा पहिला प्रयत्न १८६०च्या दशकात फसला. विसाव्या शतकाच्या आरंभी दुसऱ्यांनी तो यशस्वी केला. पुढे डास मारण्यासाठी गॅम्बुझिया आला, अन्नासाठी १९५२ साली तिलापिया रामेश्वरमजवळच्या मंडपमला आला. प्रत्येक वेळी हेतू चांगला होता. नदी म्हणजे रिकामे भांडे, त्यात हवे ते घालावे, ही समजूत मात्र सर्वांची एकच होती.

कावेरीचा राजा

कावेरी आणि तिच्या उपनद्यांत एक वेगळाच महाशीर होता. डोक्यामागे पाठ एकदम उंच चढलेली, जणू बैलाचे वशिंड. इंग्रजीत त्याला त्या वशिंडावरूनच नाव पडले. आपण त्याला वशिंडाचा महाशीर म्हणू. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातील एकाने कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा असा मासा गळाने काढला. गळाने धरलेल्या महाशीराचा हा गाजलेला विक्रम आहे.

स्वातंत्र्यानंतर साहेब गेले आणि सुरुंग उरले. धरणेही आली, मेट्टूरचे धरण तर १९३४ सालचेच. हा मासा संपला असे लोक मानू लागले होते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस काही इंग्रज तरुण कावेरीवर आले आणि त्यांना तो सापडला. पाठोपाठ कर्नाटकात नदीकाठी भीमेश्वरी, गलिबोरे अशी गळकऱ्यांची शिबिरे उभी राहिली. नियम असा की मासा धरायचा, तोलायचा आणि जिवंत सोडायचा. पूर्वी चोरून मासे मारणारे काही स्थानिक लोक आता वाटाडे आणि राखणदार म्हणून पगारावर आले.

याच सुमारास लोणावळ्यात दुसरी एक उमेदीची घटना घडत होती. महाराष्ट्राचे ज्येष्ठ मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी टोर खुद्रीच्या कृत्रिम प्रजननाचे तंत्र बसवले. तेव्हाच्या टाटा विद्युत कंपन्यांच्या वळवण येथील केंद्रात, पुढे एस. एन. ओगले यांच्या साथीने, दख्खनच्या महाशीराची लाखो पिल्ले तयार होऊ लागली. धरणांनी वाटा अडवलेल्या माशाला माणसाने पुन्हा जन्म द्यावा, ही त्या काळी विलक्षण गोष्ट होती, आणि आजही आहे. बोटाएवढ्या वाढलेल्या पिल्लांना आपल्याकडे बोटुकली म्हणतात. ही बोटुकली इतर राज्यांना भेट म्हणून गेली, आणि काही कावेरीत सोडली गेली. महाशीर कमी झाले आहेत ना? मग महाशीर सोडू. तर्क सरळ होता.

त्यात त्रुटी एवढीच होती की सोडलेला महाशीर वेगळा होता आणि कमी झालेला वेगळा.

गळ हे मोजमापाचे साधन

हे उघड कसे झाले, हा भाग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. वाहत्या, खडकाळ, खोल नदीत मोठ्या माशांची गणना करणे अतिशय अवघड असते. परंतु गलिबोरेच्या शिबिरात १९९८ ते २०१२ या काळात कोण किती तास गळ टाकून बसला, काय लागले आणि त्याचे वजन किती, हे वहीत लिहिलेले होते. बॉर्नमथ विद्यापीठाचे एड्रियन पिंडर, केरळचे राजीव राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वह्या तपासल्या. एकूण २३ हजारांहून अधिक तास आणि ६ हजारांहून अधिक महाशीर, एवढी ती नोंद होती.

कणांचा शोध घेणाऱ्या प्रयोगात आपण हेच करतो. शोधक किती वेळ चालू होता आणि त्यात किती कण नोंदले गेले, यांचे गुणोत्तर काढतो. शोधकाची कार्यक्षमता फारशी बदलली नसेल तर त्या दरातील बदल हा खऱ्या संख्येतील बदल असतो. येथे शोधक होता गळ. अर्थात त्यालाही मर्यादा आहेत. गळकरी अनुभवाने हुशार होतो, आमिष बदलते, लहान पिल्लू मोठ्या गळाला लागत नाही. पण एकाच नदीत, त्याच जागी, त्याच गळाने दोन प्रकारचे महाशीर मोजले जात असतील, तर त्यांची परस्परांशी तुलना पुष्कळच विश्वासार्ह ठरते.

त्या तुलनेत काय दिसले? निळसर परांचा महाशीर, म्हणजे बाहेरून आणून सोडलेला खुद्री, सातत्याने वाढत गेला. वशिंडाचा महाशीर घटत गेला. आणखी एक खूण होती. त्याची संख्या घटताना सापडणाऱ्या माशांचे वजन मात्र वाढत होते. वरवर पाहता ही आनंदाची बातमी वाटते. पण एखाद्या गावात माणसांचे सरासरी वय वाढत असेल आणि शाळेचा पट दरवर्षी कमी होत असेल, तर त्याचा अर्थ आपण जाणतो. नदीत म्हातारे मासे उरले होते, नवी पिढी येत नव्हती.

ही घसरण एकट्या खुद्रीमुळे झाली असे म्हणणे घाईचे ठरेल. धरणे, वाळूउपसा, आटणारे उन्हाळी प्रवाह आणि सुरुंग हे सारे त्याच काळात चालू होते. पण त्याच नदीत, त्याच संकटांत एक महाशीर फोफावतो आणि दुसरा संपत जातो, तेव्हा पाहुण्याकडे बोट वळणे अटळ असते. २०१२ साली वन्यजीव कायद्याच्या आधारे ही शिबिरे बंद झाली आणि नोंदवहीही बंद पडली.

ज्याला नाव नव्हते

आता त्या दोन नावांकडे येऊ. इतकी वर्षे वशिंडाच्या महाशीराला शास्त्रीय नाव कोणते होते? बहुतेक जण त्याला ‘टोर मुसुल्ला’ म्हणत. म्हणजे साइक्सने दख्खनच्या एका वेगळ्याच माशाला दिलेले नाव कावेरीच्या माशाने उसने घेतले होते. परिणाम असा की जगातील सर्वांत प्रसिद्ध महाशीरांपैकी एक असूनही संवर्धनाच्या यादीत त्याला स्वतःची जागाच नव्हती. ज्याला नाव नाही, त्याची मोजदाद नाही. आणि ज्याची मोजदाद नाही, त्याच्या नाशाची दखलही नाही.

हा गुंता २०१८ साली सुटला. पिंडर, राघवन, कोइम्बतूरचे मणिमेकलन, पुण्याचे नीलेश डहाणूकर आणि इतरांनी तमिळनाडूतील मोयार नदीतून मिळालेल्या माशांची शरीररचना आणि जनुके तपासली. ते नमुने केरळातील पांबार नदीतून आधीच वर्णन झालेल्या टोर रेमादेवी या जातीशी जुळले. पांबार हीसुद्धा कावेरीच्याच खोऱ्यातली. या जातीचे नाव ज्यांच्या सन्मानार्थ ठेवले आहे त्या डॉ. के. रेमादेवी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या चेन्नईतील मत्स्यशास्त्रज्ञ. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत या माशाची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली. खुद्रीची अवस्था मात्र पूर्वी मानली जात होती तेवढी वाईट नसल्याचे पुढे ठरले.

म्हणजे कावेरीच्या राजाला आपण महाराष्ट्रातून दोन गोष्टी पाठवल्या. एक चुकून गेलेले नाव, आणि एक प्रेमाने पाठवलेला भाऊबंद. दोन्हींनी त्याचे नुकसानच झाले. डॉ. कुलकर्णी यांच्या कामाचे मोल यामुळे कमी होत नाही. खुद्रीच्या स्वतःच्या नद्यांत ती पिल्ले वरदानच होती. त्या काळी जातींमधला हा फरक स्पष्ट झालेलाच नव्हता. आपल्याला मात्र आज अज्ञानाची सबब सांगता येणार नाही.

घर बदलले की मासा बदलतो

गारच्या मायदेशातील इतिहास याच्या उलट दिशेने गेला. १९३०च्या दशकात टेक्सासमध्ये गारला उपद्रवी ठरवून, नौकेवरून पाण्यात वीज सोडून त्याला मारण्याचे सरकारी प्रयोग झाले. लोकांना प्रिय असलेले मासे तो फस्त करतो, असा समज होता. पुढच्या अभ्यासांनी तो समज बराचसा खोटा ठरवला. नदीच्या पुराची मैदाने बांधबंदिस्तीत गेल्याने अंडी घालायची जागा नाहीशी होऊन तो स्वतःच दुर्मीळ होत होता. २००९ पासून टेक्सासमध्ये एका माणसाला दिवसाला एकच गार ठेवता येतो. तेथील गळकरी आता त्याच्या रक्षणासाठी बोलतात.

तेव्हा गार दुष्ट आणि महाशीर सज्जन, असा हा हिशेब नाही. मिसिसिपीत गार हवा, मुळा-मुठेत खुद्री हवा, कावेरीत रेमादेवी हवा. जागा चुकली की तोच मासा संकट बनतो. खुद्री तर सुंदर, देशी आणि आपल्याच सह्याद्रीतला. तरीही परक्या खोऱ्यात तो पाहुणाच ठरला. मग दुसऱ्या खंडातील, दुष्काळी पाण्यातही हवा गिळून तगणाऱ्या शिकाऱ्याबद्दल किती सावध असावे?

चेन्नईच्या घरांत २००४ पासून वीराणम तलावाचे पाणी येते. तो तलाव कावेरीच्या पाण्यावर भरतो. सकाळी नळाखाली भांडे धरताना मला अधूनमधून वाटते, या पाण्याच्या वरच्या अंगाला कोठेतरी, मोयारच्या एखाद्या खोल डोहात, उंच पाठीचे थोडे म्हातारे मासे अजून असतील. त्यांना आपण काय देऊ शकतो? नवे मासे तर नकोतच. वाहते पाणी, सुरुंगाविना नदी आणि प्रामाणिक नोंदवही, एवढे पुरे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी किंवा ओळखीत मोठा होत चाललेला विदेशी मासा असेल, तर तो तलावात, विहिरीत, गणेश विसर्जनाच्या कुंडात, कोठेही सोडू नका. दुकानदाराला परत द्या, मत्स्यालयाला विचारा, मत्स्यव्यवसाय विभागाशी बोला. आणि तुमच्या गावच्या नदीवर गळ टाकून बसणारा एखादा म्हातारा असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. कोणता मासा पूर्वी लागायचा आणि आता लागत नाही, हे त्याला विचारा, आणि तारखेसह लिहून ठेवा. गलिबोरेची वही लिहिणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते की ते एका जातीची साक्ष लिहीत आहेत.